एकच प्रश्न दोनदा: ट्रान्सकिटोलेज आणि ब-१ जीवनसत्त्व

दोन परीक्षानळ्या समोर ठेवा. दोन्हींत एकाच माणसाचं, एकाच वेळी काढलेलं रक्त आहे. त्यातल्या लाल पेशी फोडून आतला द्रव मोकळा केलेला. दोन्हींत तीच साखर, तेवढीच, तापमानही तेच. फरक एवढाच, की एका नळीत थायमिनपासून, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वापासून बनणारा एक पदार्थ वरून घातला आहे. आता दोन्ही नळ्यांत साखरेवरचं काम किती वेगाने होतं ते मोजायचं. वेग जवळपास सारखा आला, तर त्या माणसाच्या पेशींना थायमिन पुरतंय. वरून घातलेल्या पदार्थाने वेग उसळी मारून वाढला, तर पेशी थायमिनसाठी भुकेल्या होत्या.

वैद्यकातल्या चाचण्यांमध्ये मला ही रचना विशेष सुंदर वाटते. बहुतेक चाचण्या ‘रक्तात हे किती आहे’ एवढंच विचारतात. इथे ते जीवनसत्त्व वापरणाऱ्या कामगारालाच विचारलं जातं: आत्ता किती काम करतोस? आणि साहित्य हातात दिलं तर किती करशील? दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे तुटवडा. ज्याला हे विचारायचं तो कामगार म्हणजे ट्रान्सकिटोलेज नावाचं एंझाइम.

कार्बनचा हिशेब

पेशीत आलेल्या ग्लुकोजपुढे दोन वाटा असतात. मोठी वाट ऊर्जेची: सहा कार्बनचं ग्लुकोज तुटत तुटत तीन कार्बनच्या तुकड्यांपर्यंत येतं आणि त्यातून ऊर्जा निघते. दुसरी वाट आडवळणाची, पण तिच्यावाचून पेशीचं चालत नाही. तिला पेंटोज फॉस्फेट मार्ग म्हणतात. ‘पेंटोज’ म्हणजे पाच कार्बनची साखर. या वाटेवर पेशीला दोन गोष्टी मिळतात. एक, एनएडीपीएच नावाचा रेणू. ऑक्सिजनच्या माऱ्यापासून पेशीला वाचवायला आणि मेदाम्लं बांधायला तो लागतो. दुसरी, रायबोज ही पाच कार्बनची साखर, जिच्यावाचून डीएनए आणि आरएनए बनत नाहीत.

अडचण अशी, की या दोन्ही गोष्टी पेशीला नेहमी सारख्या प्रमाणात लागत नाहीत. लाल रक्तपेशीला केंद्रकच नाही, तिला डीएनए बांधायचं नाही. तिला भरपूर एनएडीपीएच हवं आणि रायबोज जवळजवळ नको. वेगाने विभागणाऱ्या पेशीचं उलट, तिला रायबोज हवं. मग उरलेल्या पाच कार्बनच्या साखरांचं करायचं काय? त्या मोठ्या वाटेवर परत आणायला हव्यात, आणि तिथे सहा किंवा तीन कार्बनचेच रेणू चालतात.

हा हिशेब ट्रान्सकिटोलेज जमवतं. त्याचं काम एका वाक्यात सांगता येतं: एका साखरेच्या टोकाचे दोन कार्बन काढायचे आणि दुसऱ्या साखरेला जोडायचे. दर खेपेला दोनच कार्बन, ना एक ना तीन. झायल्युलोजचे पाच आणि रायबोजचे पाच कार्बन घेतले, तर दोन कार्बन इकडून तिकडे जाऊन सात कार्बनची एक आणि तीन कार्बनची एक साखर होते. मग ट्रान्सअल्डोलेज हे दुसरं एंझाइम सात आणि तीनचे सहा आणि चार करतं. उरलेल्या चार कार्बनच्या साखरेला ट्रान्सकिटोलेज पुन्हा आणखी एका झायल्युलोजचे दोन कार्बन जोडतं, की सहा आणि तीन तयार. कागदावर बेरीज करून पाहा: पाच कार्बनच्या तीन साखरा आत गेल्या, सहाच्या दोन आणि तीनची एक बाहेर आली. पंधरा गेले, पंधरा आले.

या सगळ्या अभिक्रिया दोन्ही दिशांनी चालतात. त्यामुळे रायबोजची निकड असलेली पेशी हाच रस्ता उलटा वापरून मोठ्या वाटेवरच्या साखरांपासून रायबोज बनवते. वनस्पतींनी तर हेच एंझाइम प्रकाशसंश्लेषणात कामाला लावलं आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारा पाच कार्बनचा रेणू पुन्हा पुन्हा तयार व्हावा लागतो, आणि त्या चक्रातही ट्रान्सकिटोलेज असतं. तंबाखूच्या रोपांमध्ये जनुकीय बदल करून या एंझाइमची क्रियाशीलता साधारण २० ते ४० टक्क्यांनी कमी केली, तेवढ्यानेही प्रकाशसंश्लेषण मंदावलं आणि रोपाची वाढ खुंटली. २००१ साली हे प्रसिद्ध झालं. एखाद्या एंझाइमचं प्रमाण थोडं कमी केलं तर पुष्कळदा वनस्पतीला कळतही नाही. इथे मात्र लगेच कळलं.

मूठ आणि पातं

दोन कार्बन कापून काढणं ऐकायला सोपं वाटतं. पण कार्बन-कार्बन बंध चिवट असतो, आणि तो इथे जिथून तोडायचा आहे ती जागा आणखी अवघड आहे. कापायचा बंध ज्या कार्बनला लागून आहे, त्याला ऑक्सिजन दुहेरी बंधाने जोडलेला असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो, म्हणून तो कार्बन आधीच इलेक्ट्रॉनला मुकलेला असतो. बंध तुटल्यावर मात्र त्याच कार्बनने इलेक्ट्रॉनची जोडी धरून ठेवायची असते. घेण्याची सवय असलेल्याकडून देण्याची अपेक्षा करावी तसं हे आहे. प्रथिनं ज्या वीस अमिनो आम्लांची बनतात, त्यांतल्या एकाकडेही हे साधण्याचं हत्यार नाही.

म्हणून एंझाइमला बाहेरून मदत घ्यावी लागते, आणि ती थायमिनकडून मिळते. थायमिनला दोन फॉस्फेट जोडले की थायमिन पायरोफॉस्फेट होतं. यापुढे त्याला टीपीपी म्हणू. चाकूची उपमा दिली तर ट्रान्सकिटोलेजचं प्रथिन ही मूठ आहे आणि टीपीपी हे पातं. मूठ साखरेला नेमकी पकडते, योग्य कोनात धरते. कापतं ते पातं. पात्याविना मूठ कितीही उत्तम असली तरी काही कापणार नाही. प्रयोगशाळेत या दोन अवस्थांना नावं आहेत: टीपीपी बसलेलं पूर्ण एंझाइम ते होलोएंझाइम आणि पातं नसलेली नुसती मूठ ती अपोएंझाइम. सुरुवातीच्या दोन नळ्यांचं सगळं मर्म या दोन शब्दांत आहे.

पातं कापतं कसं, हे १९५८ साली अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड ब्रेस्लो यांनी उलगडलं. थायमिनमध्ये गंधक आणि नायट्रोजन असलेलं एक पंचकोनी कडं आहे. गंधक आणि धनभारित नायट्रोजन यांच्या मधोमध एक कार्बन आहे आणि त्याच्यावर एक हायड्रोजन. ब्रेस्लो यांनी थायमिन जड पाण्यात विरघळवलं, म्हणजे ज्या पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतं त्यात. तेव्हा त्या कार्बनवरचा हायड्रोजन झपाट्याने निघून जाऊन तिथे ड्युटेरियम येतं, असं त्यांना दिसलं. कार्बनवरचा हायड्रोजन इतक्या सहज सुटत नसतो. तो सुटला की मागे ऋणभारित कार्बन राहतो आणि तोच साखरेच्या इलेक्ट्रॉन-वंचित कार्बनला जाऊन चिकटतो. आता बंध तुटला की सुटलेली इलेक्ट्रॉनची जोडी त्या पंचकोनी कड्यातला धनभारित नायट्रोजन सामावून घेतो. दोन कार्बनचा तुकडा टीपीपीला लटकलेला राहतो, दुसरी साखर येते, तुकडा तिच्यावर चढतो आणि टीपीपी पुन्हा मोकळं होतं.

यीस्टमधल्या ट्रान्सकिटोलेजची त्रिमितीय रचना १९९२ साली स्वीडनमध्ये यल्वा लिंडक्विस्ट, गुंटर श्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तिच्यात दिसलं, की दोन एकसारख्या साखळ्या एकमेकींना बिलगून हे एंझाइम बनतं आणि टीपीपी त्या दोघींच्या सांध्यात बसतं. एकटी साखळी निरुपयोगी. टीपीपीचा रेणू तिथे इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा वाकवून धरलेला असतो. त्यामुळे त्याचंच दुसरं कडं पहिल्या कड्यावरचा तो हायड्रोजन काढायला मदत करतं. टीपीपीची फॉस्फेटं जागेवर धरायला मॅग्नेशियमसारखा धातूचा आयनही लागतो. मॅग्नेशियम फार कमी असलेल्या रुग्णाला थायमिन देऊनही कधीकधी अपेक्षित फरक पडत नाही, त्याचं एक कारण इथेच आहे.

२०१३ मध्ये जर्मनीतल्या गटिंगनच्या संशोधकांनी माणसाच्या ट्रान्सकिटोलेजचं चित्र एका अँगस्ट्रॉमपेक्षाही बारीक तपशिलात मिळवलं, तेही साखर टीपीपीला चिकटलेली असताना. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोट्यांश भाग. त्या चित्रात कापला जाणारा बंध नेहमीपेक्षा लांब, ताणलेला दिसला. एंझाइम साखरेला अशा अवघडलेल्या स्थितीत धरतं, की बंध तुटणं हीच तिची सुटका ठरते.

कबुतराच्या मेंदूपासून लाल पेशीपर्यंत

थायमिनच्या शोधाची कथा जावा बेटावरच्या कोंबड्यांपासून सांगितली जाते, आणि ती योग्यच आहे. डच डॉक्टर क्रिस्तियान आयकमन यांनी बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, १८९० च्या दशकात पाहिलं, की पॉलिश केलेल्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. त्यासाठी त्यांना १९२९ चं नोबेल मिळालं. त्यांचे उत्तराधिकारी गेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये नेमकं म्हटलं, की कोंड्यात मज्जासंस्थेला लागणारं काहीतरी आहे जे पॉलिशमध्ये निघून जातं. १९२६ मध्ये यानसेन आणि डोनाथ यांनी त्या ‘काहीतरी’चे स्फटिक मिळवले, १९३६ मध्ये रॉबर्ट विल्यम्स यांनी ते प्रयोगशाळेत बनवलं.

पण आपल्या दोन नळ्यांचं मूळ शोधायचं तर ऑक्सफर्डच्या रुडॉल्फ पीटर्स यांच्या कबुतरांकडे जावं लागतं. १९३० च्या सुमारास पीटर्स थायमिनविना वाढवलेल्या कबुतरांचा अभ्यास करत होते. या पक्ष्यांची मान मागे वळून ताठ होते, आणि थायमिन दिलं की ते थोड्याच वेळात सावरतात. इतक्या झटपट सुधारणा होते, याचा अर्थ मेंदूची रचना मोडलेली नाही, काहीतरी रासायनिक अडलं आहे. पीटर्स यांनी त्या कबुतरांच्या मेंदूचा अंश भांड्यात घेतला आणि तो किती ऑक्सिजन वापरतो ते मोजलं. वापर कमी होता. त्याच भांड्यात थायमिन घातलं, वापर वाढला. निरोगी कबुतराच्या मेंदूत थायमिन घालून तशी वाढ होत नव्हती.

हीच ती रचना. एकाच ऊतीला आधी आहे तसं विचारायचं, मग उणीव भरून विचारायचं. नुसता ‘कमी ऑक्सिजन’ हा आकडा काहीही सांगू शकला असता: पेशी मेल्या असतील, पक्षी म्हातारा असेल, नमुना खराब झाला असेल. थायमिन घातल्यावर वेग परत येणं मात्र एकाच कारणाकडे बोट दाखवतं. रासायनिक पातळीवरची अशी इजा सांगायला पीटर्स यांनी ‘जैवरासायनिक जखम’ हा शब्दप्रयोग रूढ केला.

पीटर्स यांनी जी अडचण पाहिली ती ट्रान्सकिटोलेजची नव्हती. थायमिनवर चालणारी आणखी एंझाइमं आहेत: पायरुवेट डिहायड्रोजिनेज, अल्फा-कीटोग्लुटरेट डिहायड्रोजिनेज आणि काही अमिनो आम्लं तोडणारं असंच एक. ती तिन्ही पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात काम करतात. टीपीपी हेच थायमिनचं कामाचं रूप आहे हे १९३७ मध्ये लोहमान आणि शुस्टर यांनी दाखवलं. ट्रान्सकिटोलेज १९५३ मध्ये सापडलं, एफ्राइम रॅकर आणि बर्नार्ड होरेकर यांच्या दोन वेगळ्या गटांकडून, आणि त्यालाही टीपीपी लागतं हे त्याच वर्षी कळलं.

आता प्रश्न असा, की माणसाच्या मेंदूचा तुकडा तर काढता येत नाही. रक्त काढता येतं. पण लाल रक्तपेशीत मायटोकॉन्ड्रियाच नसतात, म्हणून वरची तिन्ही एंझाइमं तिच्यात नाहीत. ट्रान्सकिटोलेज मायटोकॉन्ड्रियाबाहेर, पेशीद्रवात राहतं, आणि लाल पेशीला एनएडीपीएचसाठी त्या आडवळणाच्या वाटेची रोजच गरज असते. त्यामुळे थायमिनवर चालणाऱ्या एंझाइमांपैकी सहज हाती येईल असं हेच. १९६० च्या सुमारास मायरन ब्रिन यांनी लाल पेशींमधल्या ट्रान्सकिटोलेजची क्रियाशीलता मोजून थायमिनची उणीव ओळखता येते हे दाखवलं.

मोजतात कसं

प्रत्यक्ष मोजणीतली गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण ट्रान्सकिटोलेज जे बनवतं ते डोळ्यांना किंवा यंत्राला थेट दिसत नाही. सगळ्याच साखरा, सगळ्याच रंगहीन. ब्रिन यांच्या काळात किती पेंटोज संपली आणि किती हेक्सोज, म्हणजे सहा कार्बनची साखर, तयार झाली, हे रंग देणाऱ्या रसायनांनी मोजत. नंतरची पद्धत जास्त चतुर आहे: एका एंझाइमचं काम दुसऱ्या एंझाइमांच्या साखळीला जोडून द्यायचं आणि शेवटच्या कडीवर नजर ठेवायची.

लाल पेशी आधी धुऊन घेतात आणि फोडतात. फोडणं आवश्यकच, कारण टीपीपीवर विद्युतभार असल्यामुळे अखंड पेशीच्या पटलातून ते सहजी आत जात नाही. मग त्यात रायबोज-५-फॉस्फेट घालतात. पेशीतलीच इतर एंझाइमं त्यातल्या काही भागाचं झायल्युलोज करतात, म्हणजे ट्रान्सकिटोलेजला लागणाऱ्या दोन्ही साखरा तयार. त्याने काम केलं की तीन कार्बनची एक साखर बाहेर पडते. तिला पुढचं एंझाइम आपल्या रूपात वळवतं आणि त्यापुढचं एंझाइम तिच्यावर एनएडीएच नावाचा रेणू खर्च करतं. हा एनएडीएच ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश शोषतो, खर्च झाला की शोषत नाही. यंत्रात दिसतं ते एवढंच: ३४० नॅनोमीटरला शोषण मिनिटामिनिटाला उतरतंय. उतार जितका तीव्र, तितकं ट्रान्सकिटोलेज वेगात.

एक उतार पेशी आहे तशी असताना, दुसरा टीपीपी घालून काही वेळ मुरू दिल्यावर. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की सक्रियता गुणांक मिळतो. समजा पहिला वेग ६० आला आणि दुसरा ७८, तर गुणांक १.३०, म्हणजे टीपीपीमुळे ३० टक्के वाढ. बरेच अभ्यासक १.१५ पर्यंतचा गुणांक ठीक मानतात, १.१५ ते १.२५ सीमेवरचा आणि त्याहून वर असेल तर उणीव. निरोगी माणसातही गुणांक अगदी १ क्वचितच येतो. थोड्या मुठी नेहमीच पात्याविना असतात. मात्र वेगवेगळ्या प्रयोगशाळांमध्ये साखरेचं प्रमाण, मुरवण्याचा काळ, तापमान यांत फरक असतो. त्यामुळे एका ठिकाणचा मूळ वेग दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून पाहणं धोक्याचं. गुणांक त्यातल्या त्यात सुरक्षित, कारण भागाकारात बऱ्याच चुका कटून जातात.

तरीही गुणांक एकटा वाचणं ही माझ्या मते मोठी चूक आहे. मूठ आणि पातं आठवा. थायमिनचा तुटवडा महिनोन्महिने चालला, तर नुसत्या मुठींची संख्याही घटते. मग टीपीपी घालूनही वेग फारसा वाढत नाही, कारण पातं बसवायला मूठच नसते. गुणांक येतो छान १.१० आणि कागदावर लिहिलं जातं ‘सामान्य’. अशा वेळी मूळ वेग किती कमी आहे हेच खरं सांगतं. यकृताच्या आजारातही एंझाइमचं प्रथिन कमी पडू शकतं. उलट, रक्तस्रावानंतर नव्या, तरुण लाल पेशी मोठ्या संख्येने आलेल्या असतील तर मूळ वेग जास्त दिसतो, कारण तरुण पेशीत एंझाइम जास्त असतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि केंद्रक नसल्यामुळे त्या काळात नवं एंझाइम बनवू शकत नाही. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायचे.

शितावरून भात

लाल पेशीवरून सगळ्या शरीराचा अंदाज घेणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. पुष्कळदा ती बरोबर येते. २००३ साली इस्रायलमध्ये काही तान्ही बाळं उलट्या, सुस्ती, डोळ्यांच्या हालचालींत दोष आणि झटके घेऊन रुग्णालयांत आली. सगळी एकाच प्रकारच्या सोयाआधारित बाळदुधावर होती. डब्यावर थायमिन लिहिलेलं होतं, दुधात जवळजवळ नव्हतं. लाल पेशींतलं ट्रान्सकिटोलेज तपासल्यावर टीपीपीने होणारी वाढ सामान्य मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली दिसली आणि निदान पक्कं झालं. काही बाळं दगावली, काहींना कायमचं नुकसान झालं. प्रौढ शरीरात एकूण थायमिन जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम असतं आणि रोजची गरज एक मिलिग्रॅमहून थोडी जास्त. साठा दोन-तीन आठवड्यांत रिकामा होतो. बाळाजवळ तर तेवढाही वेळ नसतो.

मधुमेहात मात्र शीत फसवं निघालं. २००७ मध्ये ब्रिटनमधल्या पॉल थॉर्नली यांच्या गटाने दाखवलं, की मधुमेहींच्या रक्तद्रवातलं थायमिन निरोगी लोकांपेक्षा सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होतं, कारण मूत्रपिंडातून ते मोठ्या प्रमाणात वाहून जात होतं. पण लाल पेशींतलं ट्रान्सकिटोलेज पाहिलं तर काही बिघडल्याचं दिसत नव्हतं. लाल पेशींनी आपल्या पटलावर थायमिन आत ओढणारी प्रथिनं वाढवली होती. बाहेर टंचाई असतानाही त्या आपला वाटा भरून घेत होत्या. पोहरा भरलेला आला म्हणून आडात पाणी भरपूर आहे असं धरून चालता येत नाही, हे इथे अगदी शब्दशः खरं ठरलं.

मधुमेह आणि ट्रान्सकिटोलेज यांची आणखी एक गाठ आहे. रक्तातली साखर वाढली की पेशीच्या मोठ्या वाटेवर मधल्या साखरांची गर्दी होते आणि त्या नको तिकडे वळून रक्तवाहिन्यांना इजा करतात. २००३ मध्ये हान्स-पेटर हामेस, मायकेल ब्राउनली आणि सहकाऱ्यांनी बेन्फोटियामिन हे मेदात विरघळणारं थायमिनसारखं औषध वापरलं. त्याने ट्रान्सकिटोलेजची क्रियाशीलता वाढली, जास्तीच्या साखरा आडवळणाच्या वाटेवर वळल्या आणि मधुमेही उंदरांच्या डोळ्याच्या पडद्याची हानी टळली. कल्पना फार देखणी आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगणं गरजेचं आहे. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्या मधुमेहींना तेच औषध १२ आठवडे दिल्यावर त्यांची थायमिनची स्थिती सुधारली, पण लघवीतून जाणारं अल्ब्युमिन, म्हणजे मूत्रपिंडाची इजा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, कमी झालं नाही. एंझाइमला वेग देणं आणि आजार हटवणं यांच्यामध्ये आणखी बऱ्याच पायऱ्या असतात. १२ आठवडे कमी पडले असतील, आजार फार पुढे गेलेला असेल. जे काही असेल ते, बेन्फोटियामिनच्या जाहिराती वाचताना हा निकालही डोळ्यांसमोर असावा.

सगळ्यांनाच का होत नाही?

दीर्घकाळ अतिमद्यपान करणाऱ्यांत थायमिनची उणीव सर्रास आढळते, पण वर्निके-कोर्साकॉफ हा स्मृती नेणारा मेंदूचा आजार त्यांतल्या काहींनाच होतो. असं का? १९७७ मध्ये जॉन ब्लास आणि गॅरी गिब्सन यांनी अशा काही रुग्णांच्या त्वचेतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. भरपूर थायमिनमध्ये कित्येक पिढ्या वाढवूनही या पेशींतलं ट्रान्सकिटोलेज टीपीपीला सैल धरत होतं. म्हणजे पातं आहे, पण मुठीत घट्ट बसत नाही. थायमिन मुबलक असेपर्यंत चालून जातं, थोडं कमी झालं की मूठ रिकामी. उत्तर सापडल्यासारखं वाटलं. मग १९९३ मध्ये या एंझाइमचं जनुक वाचून रुग्ण आणि इतरांची तुलना झाली, तेव्हा त्याच्या अक्षरमालेत फरक निघाला नाही. दोष असलाच तर तो मूठ कशी घडवली जाते, तिच्या दोन साखळ्या कशा जुळतात यात शोधावा लागेल, अशा दिशेने विचार वळला. एका देखण्या उत्तराने सोळा वर्षांनी पुन्हा प्रश्नाचं रूप घेतलं. मला हा प्रसंग विज्ञानाच्या प्रामाणिकपणाचा नमुना वाटतो.

खुद्द ट्रान्सकिटोलेजच्या जनुकात दोष असला तर काय होतं, हे २०१६ मध्ये कळलं. तीन कुटुंबांतल्या पाच जणांमध्ये त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आढळल्या. उंची कमी, वाढीचे टप्पे उशिरा आणि जन्मजात हृदयदोष, असं त्यांचं चित्र होतं. लघवीत पाच आणि चार कार्बनच्या साखरांपासून बनलेली अल्कोहोलं साचलेली होती, म्हणजे हिशेब जुळवणारा नसल्यामुळे उरलेला माल. त्याआधी उंदरांमध्ये हे जनुक पूर्ण काढून टाकलं होतं तेव्हा गर्भ अगदी सुरुवातीलाच मेले होते. त्यामुळे माणसाची ही मुलं जगली कशी, हाच पहिला प्रश्न पडला.

आज बऱ्याच प्रयोगशाळा रक्तातलं टीपीपी थेट मोजतात. ते जलद आहे, नमुना जास्त टिकतो, आणि दोन ठिकाणचे आकडे जुळवणंही सोपं जातं. क्रियाशीलतेची चाचणी त्यामुळे मागे पडत चालली आहे. पण टीपीपी आहे आणि ते एंझाइमवर बसून काम करतंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी विचारायची तर अजून दोन नळ्याच लागतात.

त्यासाठी रक्त थायमिन देण्याआधी काढावं लागतं. थायमिन शरीरात गेल्यावर काही तासांतच मुठींवर पाती बसू लागतात आणि दोन उतारांतला फरक पुसला जातो. मात्र वर्निकेची शंका असलेल्या रुग्णाला निकालासाठी थांबवत नाहीत. आधी नमुना, लगेच शिरेतून थायमिन, आणि ग्लुकोज द्यायचं असेल तर ते थायमिननंतर किंवा त्याच्याबरोबर. चाचणीचा आकडा दोन दिवसांनी येईल. तोवर रुग्णाच्या डोळ्यांची हालचाल सुधारली की नाही हे डॉक्टरांनी पाहिलेलं असतं.